वारा कुठून आला, हे विचारणाऱ्या थूल मॅडम

प्रा. रत्नमाला थूल मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या रागावलेल्या होत्या. अल्लीपूरच्या आमच्या किराणा दुकानातून उठून मी वर्ध्याला बी.एस्सी.ला आलो होतो आणि कॉलेजचा तो पहिलाच आठवडा होता. त्या वर्षी आखातात तेलविहिरी जळत होत्या. काळ्या धुराचे फोटो रोज पेपरात यायचे. पदार्थविज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, तिकडचा धूर वर्ध्यात येईल का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "हसायला काय झालं? समुद्रावर कुणी भिंत बांधली आहे का? धूर किनाऱ्यापाशी येऊन परत फिरतो, असं तुम्हाला कुणी शिकवलं?" मग ज्यानं विचारलं होतं त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही येईल का ते. पण मोजल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही, आणि मोजल्याशिवाय 'हो'ही म्हणायचं नाही."

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहा, असं मला सांगण्यात आलं. सोबत "कटू प्रसंग शक्यतो टाळावेत" अशी सूचनाही आली. सूचना करणाऱ्यांचा मी आदर करतो, पण ती मला पाळता येणार नाही. मॅडमच्या आयुष्यातले कटू प्रसंग काढून टाकले तर मागे शाल, श्रीफळ आणि एक फोटो एवढंच उरेल. तो फोटो तर मुखपृष्ठावर आहेच.

पदवीनंतर मी त्याच प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो, त्यामुळे मॅडमचं काम मला जवळून पाहता आलं. हवेतली धूळ मोजायला यंत्र हवं होतं. कॉलेजनं पैसे नाहीत म्हणून सांगितलं. मॅडमनी भंगारातून घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची एक मोटर आणली, आमच्याकडून पत्र्याची पेटी ठोकून घेतली, तोंडाशी पांढरा गाळणकागद बसवला आणि ते सगळं कॉलेजच्या गच्चीवर ठेवलं. मोटर हवा ओढायची, धूळ कागदावर बसायची. प्राध्यापक मंडळी जिन्यात थांबून विचारायची, "काय मॅडम, आज किती केर काढला?" मॅडम हसत नसत. "तुमच्या छातीत जातो तेवढा," म्हणत आणि वर जात.

एका मे महिन्यात दोन-तीन दिवस आकाश दुधाळ झालं. ढग नव्हते, पण सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. कागद काढला तर त्यावर फिकट पिवळसर थर. आमची माती काळी. वर्ध्यात धूळ उडाली तर ती काळपट उडते, हे कुणालाही ठाऊक आहे. मॅडमनी कागदाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बोलावलं. बारीक पिवळ्या कणांना चिकटलेले चौकोनी, काचेसारखे स्फटिक दिसत होते.

"काय आहे?"

"मीठ वाटतं, मॅडम."

"वर्ध्याच्या गच्चीवर मीठ कुठून आलं?"

त्यांनी नकाशा उघडला. वारा पश्चिमेकडून वाहत होता आणि त्याआधीच्या दिवसांत अरबस्तानात वाळूची वादळं उठल्याची बातमी रेडिओवर आली होती. तिथली धूळ अरबी समुद्र ओलांडताना खारे तुषार अंगावर घेऊन, पश्चिम घाट चढून, आमच्या कॉलेजच्या गच्चीवर उतरली होती. मॅडम लगेच लिहायला बसल्या नाहीत. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं, पुढच्या दोन उन्हाळ्यांत तेच दिसतं का ते पाहिलं आणि मगच लेख प्रसिद्ध केला. लेखात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, की हे मार्च ते मे या काळातलं निरीक्षण आहे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. ज्यांनी ठेवायला हवं होतं त्यांनी ठेवलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघं एका परिसंवादाला गेलो होतो. हिंदी महासागरावर हिवाळ्यात तपकिरी धुरकट थर तरंगतो, तो आपल्या उपखंडातून वाहत जातो, हे तेव्हा संशोधकांनी जहाजं आणि विमानं नेऊन नुकतंच मोजलं होतं. कोट-टाय घातलेले एक वक्ते पडद्यावर चित्रं दाखवत होते. समुद्राचं चित्र झालं, धुराचं झालं आणि मग आलं एका बाईचं चित्र. उकिडवी बसून चूल फुंकणारी, डोळ्यांना पदर लावलेली. "मूळ कारण हे आहे," वक्ते म्हणाले.

मॅडम उठल्या. आवाज चढलेला नव्हता. "चुलीतून धूर निघतो हे खरं आहे. माझी आई रोज तो गिळते. पण तुमच्या चित्रांत मला कारखान्याचं एकही धुराडं दिसलं नाही. डिझेलचा एकही ट्रक दिसला नाही. जिला उत्तर देता येत नाही तिचंच चित्र तेवढं तुम्हाला बरं सापडलं."

सभागृहात कुजबूज झाली. चहाच्या वेळी एक सावळा तरुण मॅडमना शोधत आला. हिंदी महासागरातल्या एका लहान बेटावरचा तो शिक्षक होता. इंग्रजीतून हळू हळू म्हणाला, "आमच्याकडे कारखाना नाही, मोठा रस्ता नाही. तरी हिवाळ्यात आमचं आकाश पांढरं होतं. मुलं विचारतात, हे कोण करतं? मी काय सांगू?"

मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. म्हणाल्या, "आम्ही करतो, असं सांगा." तेव्हापासून त्या शिक्षकाचा दर हिवाळ्यात मॅडमना एकदा तरी फोन येतो. आकाश कसं आहे ते तो सांगतो आणि मॅडम त्याची क्षमा मागतात. इथं ज्यांची धुराडी आहेत, त्यांच्यापैकी एकानंही आजवर मागितलेली नाही. मागते ती शिक्षिकेच्या पगारात वर्ध्यालगतच्या नालवाडीत राहणारी एक बाई.

गावी परतल्यावर त्यांनी आधी आपलं घर धरलं. घरात गॅस होता, पण त्यांच्या मातोश्री भाकरी मागच्या पडवीत चुलीवरच करायच्या. मी तिथं बसलेलो असताना मॅडमनी आईला सांगितलं, की हा धूर वाऱ्यानं समुद्रावर जातो. म्हातारीनं परातीतला हात थांबवला. "मी आर्वीच्या पुढं कधी गेली नाई, अन् माहा धूर समुद्रापार गेला म्हनतेस?" मग माझ्याकडे बघून, "हे शिकून राह्यले का तुमी कॉलेजात?" तरीही मॅडमनी चुलीवर पत्र्याचं धुराडं बसवलं आणि जळणाला कमी लाकूड लागेल अशी चूल बांधून दिली. पुढं वस्तीतल्या ज्या बायांनी मागितली त्यांनाही बांधून दिली. परिसंवादात जिच्या बाजूनं भांडल्या तिच्या घरातला धूर कमी करायलाही त्याच गेल्या. कोट-टायवाले कुठं गेले, मला माहीत नाही.

आता ज्याच्यासाठी मी लेखणी उचलली, त्या प्रसंगाकडे येतो.

सेलू तालुक्यातल्या एका गावाशेजारी लोखंडाचा कारखाना सुरू झाला होता. गावाचं आणि कारखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दोन हिवाळ्यांत त्या गावाच्या तुळशीसुद्धा काळ्या पडल्या. आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारी वैशाली त्याच गावची. तिला दमा होता. थंडी पडली की बेंचवर डोकं टेकून बसायची, वाक्य एका दमात पुरं व्हायचं नाही. तिची आजी, कौसाबाई, एकदा मॅडमना भेटायला आली आणि दोन्ही तळवे पुढं करून म्हणाली, "पाहा मॅडम जी, कापूस वेचला का हात असे होते. कोयसा वेचल्यावानी. मंग पोट्टीच्या छातीत काय होत असन?"

कारखान्याला विस्तार करायचा होता, म्हणून जनसुनावणी ठरली. तालुक्याच्या ठिकाणी मांडव घातला होता. समोर अधिकारी, कंपनीची माणसं, मागे गाव. जानेवारीची सकाळ होती. कंपनीचे सल्लागार उठले आणि त्यांनी गोड आवाजात सांगितलं, की या परिसरात धुळीचं प्रमाण जास्त आहे हे मान्य, पण ती धूळ अरबी समुद्रापलीकडून येते. "हे मी म्हणत नाही. वर्ध्याच्याच एका प्राध्यापिकेच्या संशोधनानं ते सिद्ध केलं आहे." त्यांनी मॅडमच्या लेखाचं पहिलं पान पडद्यावर दाखवलं.

मी मॅडमकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांना रागावताना पाहिलं होतं, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. गच्चीवर उन्हात उभं राहून त्यांनी जे शोधलं होतं, ते हातातून काढून घेऊन वैशालीच्या छातीवर ठेवल्यासारखं होतं ते.

मागून कौसाबाई ओरडली, "अरबस्तानातून येते तं आमचा कापूस काळा काऊन होते?" कंपनीच्या रांगेत हशा पिकला.

मॅडम उभ्या राहिल्या. "तो लेख माझा आहे."

सल्लागार क्षणभर गडबडले. "अरे वा, मॅडम! आपण स्वतःच आलात, फार छान."

"निरीक्षण कोणत्या महिन्यांतलं आहे, ते वाचलंत का?"

"ते... उन्हाळ्यातलं असावं."

"मार्च ते मे. तुमच्या अहवालातली धूळ कधी मोजली?"

कागद उलटले गेले. "गेल्या जानेवारीत."

"जानेवारीत वर्ध्याला वारा कुठून येतो?"

सल्लागार पुन्हा कागद चाळू लागले. मॅडमनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं.

"ईशान्येकडून. हिवाळ्यात वारा समुद्राकडून आपल्याकडे येत नाही, आपल्याकडून समुद्राकडे जातो. आता मला गावकऱ्यांनी सांगावं, तुमच्या गावाच्या ईशान्येला काय आहे?"

मांडवाच्या मागच्या टोकापासून एकदम आवाज उठला, "कारखाना हाय जी!"

मॅडमनी पर्समधून लोहचुंबक काढलं. आमच्याच प्रयोगशाळेतलं. कौसाबाईनं आपल्या घराच्या छपराच्या टिनावरून झाडून आणलेली काळी धूळ एका पांढऱ्या कागदावर ओतली आणि त्यावर चुंबक फिरवलं. धूळ उठून चुंबकाला केसांसारखी चिकटली. तो कागद त्यांनी अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "वाळवंटातली धूळ अशी झुबक्यानं उठत नाही. हे भट्टीतलं लोखंड आहे. याला अरबस्तान दाखवू नका. आणि एक ऐका. हा धूर या गावावरही थांबत नाही. तो वाऱ्याबरोबर समुद्रावर जातो. तिथं बेटांवर माणसं राहतात. त्यांच्यासाठी कोणती जनसुनावणी ठेवली आहे तुम्ही?"

सल्लागार म्हणाले, "मॅडम भावनिक होत आहेत." अधिकारी म्हणाले, "नोंद घेतली."

विस्ताराला मंजुरी मिळाली. हो, मिळाली. धुराड्याला धूळ अडवणारी यंत्रणा बसवण्याची अट तेवढी घातली गेली.

पुढच्या आठवड्यात एका स्थानिक पत्रात छापून आलं, की परदेशी पैशावर विकासाला विरोध करणाऱ्या शक्ती जिल्ह्यात शिरल्या आहेत. मॅडमचं नाव नव्हतं, फक्त "एक प्राध्यापिका" होतं. ज्या बाईनं भंगारातल्या मोटरवर संशोधन केलं तिच्याकडे म्हणे परदेशी पैसा होता! मग कॉलेजच्या गच्चीला कुलूप लागलं. कारण सांगितलं, "सुरक्षितता". खरं कारण असं, की त्याच वर्षी कॉलेजला नवं सभागृह मिळालं आणि त्याच्या देणगीदारांची पाटी दारावर आहे. वाचून घ्यावी. विभागप्रमुख म्हणून मॅडमपेक्षा कितीतरी नंतर आलेल्या गृहस्थांची नेमणूक झाली. स्टाफरूममध्ये मॅडम आल्या की बोलणं थांबायचं. काही जण हलक्या आवाजात म्हणायचे, की यांना बोलायची भारी खाज, आधीच सवलतीनं आलेल्या. मी हे ऐकलं आहे. म्हणणाऱ्यांपैकी दोघांचे लेख याच ग्रंथात आहेत. त्यांनी मॅडमच्या "निर्भीड बाण्याचा" गौरव केला आहे.

मॅडमनी काय केलं? पत्र्याची पेटी रिक्षात घातली आणि नालवाडीच्या स्वतःच्या घराच्या गच्चीवर नेऊन बसवली. दुसऱ्या दिवशी वर्गावर वेळेवर हजर.

त्याच हिवाळ्यात त्यांनी वैशालीला घरी आणलं. "परीक्षा होईपर्यंत इथं राहा," एवढंच म्हणाल्या. पुढच्या हिवाळ्यातही ती तिथंच होती. मातोश्री तिला वाफ द्यायच्या, मॅडम स्कूटरवरून दवाखान्यात न्यायच्या. मुलगी पदवीधर झाली. आज ती शिक्षिका आहे आणि तिची बदली दुसऱ्या तालुक्यात झाल्यापासून तिला इनहेलर फारसा लागत नाही. वैशालीचे वडील त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. मुलगी थूल बाईंकडे राहते म्हटल्यावर त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. मॅडम त्यांच्याकडे गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. मॅडम दारातच उभ्या राहिल्या. वैशालीचे वडीलच म्हणाले, "काम गेलं तं गेलं, मॅडम. दुसरं पाहू. पोट्टी श्वास घेऊन राह्यली ना? बसा, चहा घेऊन जाजो."

यंत्रणा बसली, पण वीज वाचवायला ती बंद ठेवली जायची. तपासणीचा दिवस सोडून. मग गावानं घराघराच्या टिनावर पांढरी धोतरं, जुन्या चादरी पसरायला सुरुवात केली. कौसाबाई आघाडीवर. तक्रार गेली की अधिकारी येत, आणि येत ते आधी कळवून. मॅडमनी त्यांच्या कार्यालयात जाऊन बसायचा सपाटा लावला. सुट्टीच्या दिवशी, रजा टाकून, पावसात, उन्हात. एका अधिकाऱ्यानं कंटाळून विचारलं, "मॅडम, तुम्हाला दुसरं काम नाही का?" मॅडम म्हणाल्या, "आहे. पण तुमचंही मलाच करावं लागतं." शेवटी एक नवे अधिकारी न कळवता आले, बंद यंत्रणा पाहिली, काळ्या चादरी पाहिल्या. कारखाना काही महिने बंद ठेवण्याचा आदेश निघाला. पुन्हा सुरू झाला तेव्हा यंत्रणा चालू होती आणि अजून बहुतेक वेळा चालू असते. कापूस आता पूर्वीइतका काळा होत नाही. याला जिंकणं म्हणायचं का, मला ठरवता येत नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "'बहुतेक वेळा' हा शब्द जाईल तेव्हा विचारा."

जिल्ह्यात आणखी धुराडी येऊ घातली आहेत. त्यांचे अहवाल तयार होत आहेत आणि त्यातल्या एका मसुद्यात समुद्रापलीकडच्या धुळीचा उल्लेख मी स्वतः वाचला आहे. आपल्याकडे आलेली घाण दुसऱ्याची आणि आपल्याकडून गेलेली घाण कुणाचीच नाही, हा हिशेब इतका सोयीचा आहे, की तो कुणी सोडायला तयार नाही. मॅडम दोन्हीकडून बोलतात. मे महिन्यात दुसऱ्यांची धूळ दाखवतात, जानेवारीत आपला धूर. म्हणूनच त्या कुणालाच आवडत नाहीत. मला मात्र त्यांच्याइतका सरळ माणूस दुसरा भेटलेला नाही.

हा सत्कार ठरल्याचं सांगायला मी नालवाडीला गेलो, तेव्हा मॅडम गच्चीवर कागद बदलत होत्या. निवृत्ती दोन महिन्यांपूर्वी झाली, पण पेटी अजून चालू आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरच्या बोलीत म्हणाल्या, "सत्कार करा, मी नाई म्हनत नाई. पन मले बोलू द्यान ना?" मी हो म्हणालो आहे. आयोजकांनी कृपया तयारी ठेवावी.

अशा ग्रंथाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. आरोग्य चिंतायचं असतं. मीही चिंततो, मनापासून. पण मंचावर बसून, हार घालून त्यांना शंभर वर्षं जगा म्हणणाऱ्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. मॅडमना गेल्या हिवाळ्यापासून खोकला आहे. शब्दांनी कुणाचं आयुष्य वाढत नाही, माणूस हवेवर जगतो. थूल मॅडमनी खूप वर्षं जगावं असं खरंच वाटत असेल, तर आधी ती हवा काळी करणं सोडा.